जुनं मॅपिंग

गॅरेज घराच्या मागच्या अंगाला होतं आणि स्वयंपाकघरातून थेट तिकडे उघडणारं एक दार होतं. त्या दारातून दिवसभर देवघेव चालायची. इकडून चहा जायचा, तिकडून डिझेलचा वास यायचा. नवरा-बायको दोघं मिळून ते चालवत. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत, तिला वहिनी. पाना, जॅक आणि काळे हात हा मिस्त्रींचा प्रांत, तर लॅपटॉप वहिनीचा. हल्लीच्या गाड्यांना इंजिनाइतकंच डोकं असतं आणि डोक्याचं दुखणं पान्याने बरं होत नाही, असं मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वर हसत जोडत, "आणि आमच्या घरात डोकं तिच्याकडेच आहे."

त्या सकाळी डॉक्टरबाई आल्या. त्या गुरांच्या डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये गाई-म्हशी बघायला त्यांना रोज चढ चढावा लागे, आणि त्यांची डिझेल गाडी या गॅरेजची जुनी ओळखीची. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली नाही, टाकली.

"वहिनी, ही गाडी मला जुनी करून द्या."

"जुनीच तर आहे," मिस्त्री म्हणाले.

"थट्टा नको हो. काल चढावर धापा टाकायला लागली, दिवा लागला आणि बैलगाडीच्या वेगाने निघाली. मी पोचेपर्यंत वासरू गेलं होतं. गाय त्याला चाटत होती." त्यांनी किल्लीकडे बोट केलं. "कंपनीने ते अपडेट टाकल्यापासून ही गाडी माझी राहिलेली नाही."

वहिनीला अपडेट ठाऊक होतं. धूर कमी व्हावा म्हणून तीन वर्षांपूर्वी कंपनीने या मॉडेलच्या सगळ्या गाड्या बोलावून घेतल्या आणि त्यांचं सॉफ्टवेअर बदललं. धूर कमी झाला, पण इंजिनाचा दम गेला. नव्या हिशेबात इंजिन स्वतःचाच धूर जास्त वेळा परत गिळत होतं आणि फिल्टर सारखा तुंबत होता. ते उलटं फिरवता येत होतं. अपडेटच्या आधी एकदा गाडी दुसऱ्या कामाला आली होती, तेव्हा वहिनीने सवयीप्रमाणे तिच्या कॉम्प्युटरची नक्कल करून ठेवली होती.

"धुराच्या तपासणीत अडकाल," ती म्हणाली.

"ते मी बघते."

वहिनीच्या मनाला ते फारसं पटलं नाही. पण चाटणारी गाय डोळ्यांपुढून हलेना. तिने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खोचली, काम चालू असताना बॅटरी उतरू नये म्हणून तिला चार्जर लावला, आधी अपडेटची नक्कल काढून ठेवली आणि मग जुनं मॅपिंग, म्हणजे इंजिनाचा जुना हिशेब, चढवायला घेतलं. पट्टी सावकाश भरत गेली. चूक नाही, इशारा नाही. मिस्त्रींनी चावी फिरवली आणि इंजिन घसा खाकरून असं सुरू झालं की डॉक्टरबाईंनी बॉनेटवर हात ठेवला.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच ती."

मिस्त्री नेहमीप्रमाणे चढावर पाण्याच्या टाकीपर्यंत चक्कर मारायला गेले. परत आले तेव्हा चेहरा खुललेला. "चितळ झालीय चितळ!" डॉक्टरबाई गाडी घेऊन गेल्या. मागे जरासा काळा धूर राहिला आणि जुन्या डिझेलचा उग्र वास. बऱ्याच दिवसांत न आलेला.

मग मिस्त्री दिवा लावायला गेले आणि भिंत चाचपत राहिले.

"बटण कुठे गेलं?"

"अहो, वायरिंग बदललं तेव्हापासून दारापाशी आहे ना."

"कधी बदललं?"

त्यांची थट्टेची सवय वहिनीला लग्नापासून माहीत होती. तिने लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी कपाळावर सरकवलेला चष्मा काढून हातात फिरवून पाहिला आणि टेबलावर ठेवला. "हा कुणीतरी विसरून गेलंय बघ." आणि मग ऑइलच्या डब्यावरची बारीक अक्षरं दूर धरून घडाघडा वाचून दाखवली. गेल्या वर्षापासून तेवढी अक्षरं त्यांना चष्मा लावूनही दिसत नव्हती.

"पुरे आता," ती म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून त्यांची मुलगी आली. नुकतीच दोन वर्षांची झाली होती. उभ्या उभ्या गोल फिरायची खोड म्हणून तिला भिंगरी म्हणत. ती फिरत फिरत आली आणि बाबांच्या पायांना मिठी मारून उभी राहिली. मिस्त्रींनी हात वर धरले, काळे लागू नयेत म्हणून. मग खाली वाकून कौतुकाने विचारलं,

"अगं बाई! तू कुणाची गं?"

भिंगरी हसली. वहिनीही हसणार होती. पण मिस्त्रींनी वहिनीकडे पाहिलं ते उत्तरासाठी.

"शेजारच्यांची का ही?"

डॉक्टरकडे नेलं. नेहमीचे, माणसांचे डॉक्टर. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, रक्तदाब पाहिला, एका रेषेत चालवलं. सगळं व्यवस्थित. स्वतःचं नाव, गाव, लग्न, सासऱ्यांची बोलणी, सगळं मिस्त्रींना पाठ. फक्त गेली तीन वर्षं नव्हती. पुसट झालेली किंवा मधूनच फाटलेली नव्हे, नव्हतीच. "ताण असेल, विश्रांती द्या," डॉक्टर म्हणाले, आणि चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घेताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. नंबर निघालाच नाही.

घरी मिस्त्री शहाण्यासारखे वागत होते, आणि तेच वहिनीला सोसवत नव्हतं. तिने फोटो दाखवले तेव्हा त्यांनी ते नीट पाहिले. "तू म्हणतेस तर असेल," ते म्हणाले. भिंगरीशी ते फार चांगले वागत, पाहुण्यांच्या मुलाशी वागतात तसे. तिला आधी खाऊ देत, तिच्यापुढे आवाज चढवत नसत, आणि तिने मांडीवर चढायचा हट्ट केला की अवघडून वहिनीकडे बघत. दुसऱ्या दिवशी भिंगरीने हट्ट सोडला. संध्याकाळी दारातून ती त्यांना म्हणाली, "काका, चहा."

वहिनीच्या हातून बशी निसटली.

तिला काही सुचेना. तिने लॅपटॉप उघडून दोन्ही मॅपिंग शेजारी शेजारी लावून पाहिली. डिझेल किती, हवा किती, कोणत्या वेळी, कोणत्या तापमानाला. आकड्यांचे नुसते तक्ते. त्यात दुसरं काय असणार? आपण नेमकं काय शोधतोय हेच तिला सांगता आलं नसतं. दोन आणि दोन चार होतात हे कळत होतं, पण ती बेरीज करायला मन धजत नव्हतं.

तेव्हाच डॉक्टरबाईंचा फोन आला.

"वहिनी, तुमचे हात सोन्याचे! चढ असा खाते की बस. काल अण्णांना पण फिरवून आणलं. एवढे खूश झाले म्हणून सांगू!"

अण्णा म्हणजे डॉक्टरबाईंचे वडील. ते गेले त्याला वर्ष उलटून गेलं होतं. वहिनी आणि मिस्त्री दोघंही त्यांना पोचवायला गेले होते.

"कोण अण्णा?" वहिनीने विचारलं.

"कोण म्हणजे? बरं का वहिनी, त्यांच्या गोळीची वेळ झाली, ठेवते."

फोन ठेवायच्या आधी मागे कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाचा, छातीत अडकून राहणारा खोकला. आणि मग जरा लांबून, "कोण आहे गं?"

वहिनीने फोन खाली ठेवला. स्वयंपाकघरात मिस्त्री भिंगरीला विचारत होते, "तुझी आई कधी येणार घ्यायला?"

तिने पुन्हा फोन लावला. सॉफ्टवेअरमध्ये चूक राहिलीय, इंजिन जाईल, गाडी लगेच घेऊन या, असं सांगितलं. धादांत खोटं. तिच्या धंद्यात ती कधी असं बोलली नव्हती.

डॉक्टरबाई दुपारी आल्या. केस विंचरलेले, चेहरा मोकळा. त्यांना इतकं हसताना वहिनीने खूप दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अण्णा?" तिने विचारलंच.

"अंगणात खुर्ची टाकून बसलेत. लवकर ये म्हणालेत. जास्त वेळ नाही ना लागणार?"

"नाही," वहिनी म्हणाली.

तिने वायर खोचली. चार्जर लावला. अपडेटची नक्कल उघडली, कंपनीचीच, तिने स्वतः काढून ठेवलेली. कंपनीच्या मूळ फाइलशी ताडून पाहिली. अक्षराचा फरक नव्हता.

आता फक्त एक बटण दाबायचं होतं.

डॉक्टरबाई भिंगरीशी बोलत होत्या. "केवढी गोड आहे! कुणाची हो?" भिंगरी पायरीवर बसून मिस्त्रींकडे बोट दाखवत होती. "काकांची गाडी," ती सांगत होती. "काकांची."

खुर्चीत बसलेला म्हातारा वहिनीच्या डोळ्यांपुढे आला. रस्त्याकडे तोंड करून बसलेला.

मग तिने बटण दाबलं.

पट्टी भरली. "अहो," ती मिस्त्रींना म्हणाली, "टाकीपर्यंत एक चक्कर मारून या. नेहमीसारखी."

ते गेले. ती फाटकात उभी राहिली. डॉक्टरबाई काहीतरी सांगत होत्या, तिच्या कानावर फक्त आवाज पडत होता. बऱ्याच वेळाने गाडी वळणावर दिसली. इंजिनाचा आवाज दबलेला, शहाणा. धूर जवळजवळ नव्हताच.

मिस्त्री उतरले. डोळे बारीक करून अंगणाकडे बघितलं, खिसे चाचपले. "माझा चष्मा कुठे पडला?" आणि मग, एकदम, "भिंगरे! उन्हात काय बसलीस गं अशी?"

त्यांनी तिला उचललं, काळ्या हातांनीच. तिच्या फ्रॉकवर पाच बोटं उमटली. भिंगरीने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं आणि "बाबा" म्हणाली.

डॉक्टरबाई गाडीत बसल्या होत्या. चावी लावली, पण फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिल्या. केस तसेच विंचरलेले होते, पण चेहरा मिटला होता.

"वहिनी, मी कशाला आले होते?"

"तपासणीला. झाली." तिला त्यांच्याकडे बघवेना. "चहा घेऊन जा ना. की घाई आहे?"

"मला कसली घाई?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरी वाट बघणारं कोण आहे?"

गाडी गेली. वहिनी तिथेच उभी होती. आपण काय केलं आणि काय नाही, हे तिला धड कळत नव्हतं. कुणाला सांगायचं म्हटलं तर सांगणार काय? एका गाडीचं सॉफ्टवेअर बदललं, मग पुन्हा होतं तसं केलं. एवढंच.

मिस्त्री मात्र पूर्वीसारखे. हात धुताना शीळ घालत होते. दिव्याचं बटण न शोधता लावलं. चष्मा सापडल्यावर तो फडक्याने पुसून नाकावर चढवला आणि भिंगरीला बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतलं. वहिनीने जेवणाची ताटं मांडली. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

मिस्त्रींनी ताटं पाहिली. मग खाली, बाकाखाली डोकावले. मग दाराकडे पाहिलं.

"तीनच?" ते म्हणाले. "धाकटा कुठेय?"

वहिनीने डाव खाली ठेवला.

"कोण धाकटा?"

"कोण म्हणजे?" ते हसले. "ही बघा आई! मघाशी तर इथेच रांगत होता. ये रे, ये, बाबाकडे ये."

ते कुठल्यातरी एका जागेकडे बघून हात पुढे करत होते. जमीन मोकळी होती. वहिनीने भिंगरीकडे पाहिलं. पोर घाबरली असेल, असं तिला वाटलं.

भिंगरी घाबरली नव्हती. ती बाकावर जरा सरकली, बाबांच्या आणि आपल्या मध्ये जागा केली आणि कडेला आडवा हात धरला.

"हळू बाबा," ती म्हणाली. "पडेल तो."