माळेतून राहिलेली चौकट

"डोकं नाही त्याला, नुसतं पोट आहे! कितीदा भरवायचं?" आप्पाआजोबा शाल्मलीच्या कानाशीच कुरकुरले.

'तो' म्हणजे पृथ्वीवरचा सर्व्हर (इतरांनी पाठवलेली माहिती घेऊन जपणारा संगणक). चंद्रवस्तीतून पृथ्वीवर जाणाऱ्या यानातल्या जागा तोच वाटायचा. आप्पांच्या थकलेल्या हृदयाला आता पृथ्वीवरचेच डॉक्टर हवे होते. जेवणाच्या घंटेआधी अर्ज पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला! आणि अर्ज पुन्हा परत आला होता: 'परतीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.'

"पण सगळं भरलंय!" शाल्मली रडकुंडीला आली. अर्जाचं पान तिनंच बनवलं होतं. बाबा येरझाऱ्या घालत होते. चंद्रावर येरझाऱ्या म्हणजे उड्याच, त्यामुळे बघणाऱ्यालाही धीर येईना.

"चौकटी पृथ्वीवर जातच नाहीत," ठोंब्या म्हणाला. हा घरचा यंत्रमानव, एरवी भांडी घासायचा. "पाठवताना तुझं पान चौकटी मोडतं आणि माहिती एका ओळीत ओवतं. याला म्हणतात सीरिअलायझेशन (माहितीची माळ करणं). काय गेलं, ते बघ."

पडद्यावर ओळ उमटली: नाव=आप्पा&वय=७४&सामान=एक

"ते वाकडं चिन्ह म्हणजे गाठ. एक माहिती संपली, दुसरी सुरू. तिकडे सर्व्हर गाठी सोडतो आणि ज्याचं त्याला लावतो."

"मग 'परत येणार' कुठाय?" शाल्मलीनं विचारलं.

"त्या चौकटीत आप्पांनी खूण केली नाही. खूण नसलेली चौकट माळेत येतच नाही."

"रिकामी म्हणजे 'नाही'. एवढं कळू नये?" आप्पा म्हणाले.

"'नाही', की 'विसरलो', की 'ठरत नाही'? त्याच्यापर्यंत तर काहीच पोचलं नाही, आप्पा," ठोंब्या म्हणाला.

महिनाभर सगळे 'बरे होऊन या' एवढंच म्हणत होते.

शाल्मलीनं ती चौकट काढली. तिथे दोन गोल ठेवले: 'येणार' आणि 'येणार नाही'. "यातलं एक निवडलं, की उत्तर माळेत जाणारच."

"'येणार' कर," बाबा घाईनं म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

घंटेला थोडाच वेळ उरला होता. शाल्मलीनं 'येणार'कडे बोट नेलं. आप्पांनी ते हळूच धरलं.

"थांब गं. माझ्यासाठी परतीची खुर्ची अडकवू नका, कुणाला तरी लागेल. तू शिकायला खाली येशील ना, तेव्हा यानतळावर मी उभा असेन बघ. पण मी परत येणार नाही."