तेजरामची बोलणारी रेकॉर्ड

बाहेरचा दिवा मालवून टाका, डोळ्यांवर येतो. नलू, दार लोटून घे. आता सांगतो ती गोष्ट ऐकीव नाही. आपल्या सेक्टरमधल्या नरहरीची आहे, आणि त्यानंच मला खाली मान घालून सांगितलेली. तुम्ही त्याला पाहिलंय. लग्नाकार्यात कुठं रेकॉर्ड लागली की भरल्या पंगतीतून उठून जातो, तोच.

नरहरी इथल्या भिलाईच्या पोलाद प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. पगार बेताचा आणि शौक साहेबाचा. इंग्रजी रॉक गाणाऱ्यांच्या रेकॉर्डी जमवायचा, त्याही गाण्यांच्या नाही, मुलाखतींच्या. त्या बाजारात मिळत नसत. परदेशातल्या कंपन्या जाहिरातीसाठी थोड्याच काढायच्या आणि रेडिओवाल्यांना फुकट वाटायच्या. त्यातली एक जात तर भारी गमतीची. गायकाची नुसती उत्तरं भरलेली, प्रश्नांची जागा कोरी. ज्या त्या गावच्या निवेदकानं त्या शांततेत आपल्या तोंडानं प्रश्न विचारायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, एवढा मोठा माणूस आपल्याच गावात येऊन बसलाय. अशी रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली की आवाजाच्या जागी दाट रेघा दिसतात आणि कोऱ्या जागा गुळगुळीत पट्ट्यांसारख्या चमकतात.

नरहरीकडे तशी एकही नव्हती. तेजरामकडे होती. तेजराम हथखोजच्या एका कारखान्यात कामाला. वैशाली नगरात आई मैनाबाई आणि हा, दोघंच. दुर्गच्या भंगारात ती रेकॉर्ड त्याला सापडली होती. पोराला रेडिओवर निवेदक व्हायचं वेड. रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावायचा, आधी घसा खाकरायचा आणि विचारायचा, "तो भिलाई के श्रोता जानना चाहते हैं…" की तिकडून गायक उत्तर द्यायचा. मैनाबाई आत भाजी चिरता चिरता ऐकायची, आपलं पोरगं गोऱ्या साहेबाशी बोलतंय. नरहरीनं कितीदा मागितली, पण तेजराम काही देईना.

मग तेजराम काविळीनं गेला. लग्नाचं वय होतं हो.

तारीख सांगतो, तीस डिसेंबर एकोणीसशे शह्याऐंशी. मंगळवार आणि अवस. दुसऱ्या दिवशी दहावा. नरहरी ऑफिसातून सुटून मैनाबाईला भेटायला गेला. त्यांच्यात दहाव्याच्या आदल्या रात्री, माणूस गेला त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात जो ठसा उठेल त्यावरून गेलेला कोणत्या जन्माला गेला ते बघतात. बाया त्याच तयारीत होत्या.

मैनाबाई नरहरीला म्हणाली, "बाबू, ते रेकॉर्ड लावून दे न एकडाव. मले मशीन चालवता येत नाही. त्याचा आवाज आहे त्यात."

नरहरीला ठाऊक होतं, त्यात तेजरामचा आवाज नाही. माउलीला वाटत होतं, आहे. सांगायला हवं होतं समजावून. पण तो आतल्या खोलीत गेला, फळीवर ती रेकॉर्ड दिसली आणि त्याचं मन फिरलं. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं ती पिशवीत सरकवली आणि बाहेर आला.

"मावशी, ते तं फुटली. मागंच. तेजरामच्याच हातून पडली."

मैनाबाईनं पदर पुढं केला. "तुकडे तरी दे बाबू. ठेवीन मी."

"तुकडे त्यानंच फेकले."

मेलेल्या माणसावर ढकललं त्यानं. आणि मैनाबाईनं वरून त्याच्या पाठीवर हात फिरवला. "तू तं त्याच्या जिवाचा मैतर होता," म्हणाली. नरहरी मला म्हणाला, काका, तो हात अजून पाठीवर आहे.

घरी आला. त्याची बायको साधना माहेरी गेलेली. जेवण गेलं नाही, पण रेकॉर्डचा मोह सुटेना. बारा वाजून गेल्यावर त्यानं सगळे दिवे मालवले, फक्त टेबलावरचा ठेवला. आवाज बारीक केला. सुई टेकवली.

गायक बोलला. मग कोरी जागा. नुसती खरखर.

पुन्हा गायक. पुन्हा कोरी जागा.

नरहरी मनाशी म्हणाला, म्हातारीला ऐकवून तरी काय मिळालं असतं? हेच ना. बरंच केलं आपण.

तिसरी कोरी जागा आली…

कोणीतरी घसा खाकरला.

नरहरीनं मागं पाहिलं. कोणी नाही. खिडकी बंद. गायकाचं उत्तर सुरू झालं, संपलं. पुन्हा शांतता.

"तो भिलाई के श्रोता जानना चाहते हैं…"

तोच आवाज. तीच लकब.

"…नरहरी भाऊ, मायले काय सांगितलं?"

आणि पुढच्या उत्तरात तो गोरा गायक हसला. ते हसू रेकॉर्डवर पहिल्यापासूनचंच. पण आता ते नरहरीला हसत होतं.

त्यानं सुई उचलली. बटण बंद केलं. तबकडी थांबली.

सगळं गप्प…

"माय तुकडे मागून राहिली, भाऊ."

त्यानंतर काही नाही. नरहरी पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसला होता. भुताची भीती केव्हाच सरली होती, म्हणाला. लाज काही सरेना.

उजाडताच पिशवी घेऊन तो वैशाली नगरात पोचला. बाया टोपली उचलतच होत्या. पिठात पाऊल नव्हतं. पाखराचा पंजा नव्हता. नुसती गोल गोल वर्तुळं होती, एकात एक, केसासारखी बारीक. मध्ये एक ठिपका. एकीनं म्हटलं, दळायचं जातं आहे, दुसरीनं म्हटलं, चाक आहे. कोणालाच उलगडेना.

मैनाबाईनं नरहरीलाच विचारलं. "तू शिकलेला आहे बाबू. हे काय होय?"

त्यानं पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि पिठाशेजारी जमिनीवर ठेवली. वर्तुळं आणि रेकॉर्ड, दोन्ही अगदी एकाच मापाची.

मैनाबाई कधी रेकॉर्डकडे पाहे, कधी त्याच्याकडे. रागावली नाही. रागावली असती तर तो सुटला असता.

"म्हणजे फुटली नव्हती," एवढंच म्हणाली.

नरहरी तिच्या पायांवर वाकला. वाकल्यावर त्याची नजर पिठावर गेली आणि तिथंच थिजली. पिठात सगळीकडे रेघा नव्हत्या. मध्ये मध्ये गुळगुळीत पट्टे सुटले होते. रेकॉर्डवर जिथं गायकाचं बोलणं होतं तिथं पीठ कोरं होतं. आणि रेकॉर्डवर जिथं कोरं होतं, जिथं तेजराम प्रश्न विचारायचा, बरोबर तिथं तिथं, पिठात दाट रेघा उठल्या होत्या.