शून्य तक्रारींचा मनोरा

स्पंदन-प्रयोगशाळेच्या दारावर एक मोठा आकडा झळकत असे, आणि त्या सकाळी तो चारशे बारा होता. म्हणजे सागरध्वज मनोऱ्यात राहणाऱ्या सुमारे अकरा हजार माणसांपैकी एकानेही गेल्या चारशे बारा दिवसांत तक्रार केली नव्हती. पाण्याची नाही, लिफ्टची नाही, शेजाऱ्याच्या कुत्र्याचीसुद्धा नाही. आता अकरा हजार माणसं सोडा, आपल्या घरात चार माणसं असतात, आणि एक दिवस तरी असा जातो का?

करुणा वाघचौरे रोज त्या आकड्याखालून आत जायची आणि रोज तिची मान जराशी ताठ व्हायची. का होणार नाही? आकडा तिचाच होता. कोकण किनाऱ्यावरचा हा अकराशे मीटरचा मनोरा पहिल्या वर्षी वाऱ्यावर वेडावाकडा डोलायचा. वरच्या मजल्यांवरची माणसं मळमळीने हैराण होती. करुणाने त्यावर दोलनशामक बसवला. दोनशे अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावर बारा पोलादी दांड्यांना टांगलेला नऊशे टनांचा गोळा. एवढी उंच इमारत हलायची थांबत नाही, पण तिला एका ठेक्यात हलायला शिकवता येतं. करुणाने तो ठेका दहा सेकंदांचा ठरवला. दहा सेकंदांत एक झोका, इतका हळुवार की पेल्यातलं पाणीही हलत नसे. आठवड्याभरात तक्रारी शून्यावर आल्या, त्या आल्याच.

"तुझ्या शून्याबद्दल बोलायचंय," डॉ. शहनाज मुजावर दारातूनच म्हणाली. मनोऱ्याच्या पायथ्याशी, जमिनीवर, तिचा दवाखाना होता. करुणाची प्रयोगशाळा आणि क्वार्टरही तिथेच, त्यामुळे दोघींचं रोजचं जेवण एका टेबलावर व्हायचं.

"बस. चहा सांगते."

"चहा नको. हे बघ." शहनाजने एका मनगटाचं छायाचित्र पुढे सरकवलं. मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं. "दोनशे एकतिसाव्या मजल्यावरच्या बाई. हाड मोडून तीन आठवडे झालेले. त्या आपल्या डाव्या हाताने भात कालवत होत्या. म्हटलं, इतके दिवस आला का नाहीत? तर म्हणे, तसा त्रास काही नाही."

"सोशिक असतील."

"मी त्यांना खाली दवाखान्यात ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी त्या रडायला लागल्या. मनगटासाठी नाही गं. जानेवारीत नवरा गेला होता, त्याचं रडू तेव्हा आलं."

करुणाने छायाचित्र परत तिच्याकडे सरकवलं.

"आता नीट ऐक," शहनाज म्हणाली. "आपला रक्तदाब सतत थोडा वर-खाली होत असतो. लाटेसारखा. एक लाट साधारण दहा सेकंदांची. मन शांत करायला मिनिटाला सहा श्वास घ्या असं शिकवतात ना, ते यासाठीच. श्वास त्या लाटेशी जुळतो, लाट मोठी होते, माणूस निवतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकलल्यासारखं."

"मिनिटाला सहा," करुणा हळूच म्हणाली. "म्हणजे दहा सेकंद."

"आलं लक्षात. याला मी लयबंधन म्हणते. श्वासाचा व्यायाम करणारा माणूस वीस मिनिटांनी उठून कामाला लागतो. तुझा मनोरा उठत नाही, बाई. तो दिवसरात्र ढकलतोच आहे. मी तीस जणांचं मोजलं. वर सलग सात रात्री काढल्या की आठव्या सकाळपासून भीती नाही, राग नाही, दुःख नाही. डोकं शाबूत असतं. गणितं सुटतात, नातवंडांची नावं आठवतात. फक्त कशाने काही बोचत नाही."

"म्हणजे मी अकरा हजार माणसांना सुखी केलं," करुणा हसून म्हणाली, आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं. मोडलेलं मनगट जे सांगत नाहीत, ते मोडक्या इमारतीबद्दल तरी कशाला सांगतील?

तासाभरात ती दोनशे सत्तेचाळिसाव्या मजल्यावर होती, गोळ्याच्या बरोबर खाली. पहिलंच दार श्री. पाठारे नावाच्या गृहस्थांनी उघडलं.

"वरून कधी आवाज येतो का हो?"

"कुरकुरीचा ना? येतो की. दिवाळीपासून येतो," पाठारे म्हणाले. "मध्येच मोठा टण्णकन होतो. आत या, ऐका हवं तर. पोहे झालेत."

करुणा शिडीने वर गेली. बारांपैकी तीन दांड्यांना मानेजवळ भेगा होत्या, एकीत तर नख सहज जात होतं. तपासणी पथकाची वही तिथेच लटकवलेली होती. हे पथक मनोऱ्यातच राहायचं. त्यांनी भेगा पाहिल्या होत्या, दर महिन्याला काटेकोर मोजल्या होत्या, सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या, आणि वही मिटून ठेवली होती.

मुख्य अभियंता निरंजन बोरवणकर सर्वांत वरच्या, दोनशे साठाव्या मजल्यावर राहायचे. पूर्वी ते रागावले की हेल्मेट भिरकावायचे. त्यांनी छायाचित्रं एकेक करून पाहिली.

"तीन गेल्या. नऊ उरतात."

"सर, पंधरवड्यात समुद्रावरून मोठे वारे सुरू होतील. नऊ दांड्या टिकणार नाहीत. गोळा सुटला तर एकेक मजला घेत थेट तळापर्यंत येईल. आणि माणसं भानावर यावीत म्हणून ठेका बदलायचा तर गोळा हलवावा लागतो, त्या हिसक्यानेच दांड्या तुटतील."

"अगदी बरोबर आहे तुझं."

"मग मनोरा रिकामा करायचा ना?"

"बाहेरचा निरीक्षक सांगेल तेव्हा. आणि रहिवाशाची एक तरी तक्रार असल्याशिवाय निरीक्षक येत नाही. नियम आहे." ते प्रसन्न हसले. "तूच केलेला. यंत्राआधी माणसाला कळतं, म्हणाली होतीस. एक तक्रार आण, करुणा. एकच."

तिने खरंच तसं म्हटलं होतं, भर सभेत, टाळ्या घेत. शहनाजने त्याच दिवशी शहराच्या कचेरीला कळवलं. तिथून उत्तर आलं: रहिवाशाच्या अंगठ्यासह तक्रार जोडावी.

करुणाने चाळीस दारं वाजवली. चाळीस घरांत तिला प्रेमाने बसवलं, सगळं ऐकून घेतलं, खरं आहे म्हणाले, आणि अंगठा कुणी टेकवला नाही. मग ती दोनशे एकोणिसाव्या मजल्यावर पप्पांकडे गेली. खरं म्हणजे सगळ्यांत आधी तिथेच जायला हवं होतं, पण तिला धीर होत नव्हता.

पाळक दानिएल वाघचौरे यांनी हयातभर तक्रारीशिवाय दुसरं केलं काय? राहुरीच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांचा आवाज शेवटच्या बाकामागच्या भिंतीवर आपटून परत यायचा. मनोऱ्याच्या उद्घाटनाला ते फाटकाबाहेर उभे राहून गरजले होते, की बायबलमधल्या बाबेलच्या लोकांनीही असाच आभाळाला टेकू लावायला घेतला होता, आणि उंच बुरुजांसाठी देवाने एक दिवस राखून ठेवलेला आहे. करुणा तेव्हा लाजेने पाहुण्यांच्या मागे लपली होती. पुढे गुडघे गेले, राहुरीत एकटं राहणं जमेना, म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिने त्यांना इथे आणलं. पहिला आठवडा ते रोज भांडले. मग थांबले. पप्पा रुळले, असं तिला वाटलं होतं.

"ये बाळ. जेवलीस?"

"पप्पा, ही भिंत फुगलीय." कॅलेंडरच्या मागे भिंत पोट काढून पुढे आली होती. कॅलेंडरही मध्ये फुगलं होतं.

"हो. म्हणून तर कॅलेंडर लावलं. बरं दिसत नव्हतं."

"उंच भिंतीला फुगवटा येतो आणि ती एका क्षणात कोसळते. कोण सांगायचं हे, रविवारच्या रविवारी?"

"संदेष्टा सांगतो. मी नुसता वाचायचो," पप्पा समाधानाने म्हणाले. "चांगला उपदेश व्हायचा तो. तुझी आई म्हणायची, जरा हळू, मुलं दचकतात."

"मग आता दचका की थोडं. बाबेलला देवाने लोकांच्या भाषा वेगळ्या केल्या. ते एकमेकांवर वैतागले, विटा टाकून निघून गेले. वैतागले म्हणून जगले. इथे कुणी वैतागतच नाही. तुम्ही एकदा वैतागा, पप्पा. माझ्यासाठी. इथे अंगठा टेकवा."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या नजरेत माया होती, नेहमीइतकीच. "खोटं कसं लिहू? मला तक्रार नाही."

"मग खाली तरी चला. चार दिवस माझ्याकडे राहा."

"गुडघे दुखतात."

"दुखतात?" ती आशेने म्हणाली.

"म्हणजे दुखायचे."

त्याच संध्याकाळी करुणाने ठरवलं. सात रात्री राहिलेला माणूस नियमाने रहिवासी ठरतो. आठव्या सकाळी तिचा स्वतःचा अंगठा चालेल.

"आठव्या सकाळी तूही त्यांच्यातलीच होशील," शहनाज म्हणाली. "रहिवासी ठरायला सात रात्री, लय जुळायलाही सातच, दिसत नाही तुला?"

"मला कारण माहीत आहे. ठेका मीच दिलाय. तो मला कसा फसवेल?"

"लाटांचं गणित येणाऱ्यालाही बोटीवर ओकारी होतेच, करुणा."

"म्हणून आत्ताच लिहून ठेवते. तेव्हा फक्त अंगठा टेकवायचा. अंगठ्याला भावना कशाला लागतात?"

करुणाने तिच्यासमोर बसून पानभर तक्रार लिहिली. दोनदा लेखणी कागदातून आरपार गेली.

पहिल्या दोन रात्री पप्पांच्या घरी तिला झोप आली नाही. वरची कुरकुर दोनशे एकोणिसाव्या मजल्यापर्यंत येत नाही हे तिला माहीत होतं, तरी ती ऐकत राहिली. तिसऱ्या रात्री झोप लागली. चौथ्या दिवशी शहनाजचा फोन वाजला तेव्हा ती भाजी चिरत होती, आणि भाजी संपवून तिने तो घेतला. पाचव्या दिवशी तिने पप्पांचं कॅलेंडर सरळ केलं. सहाव्या दिवशी हवामान खात्याने चक्रीवादळाची तारीख सांगितली, आणि तिने ती कागदावर लिहून ठेवली. स्वतःची नाडी ती रोज मोजत होती. सातव्या दिवशी तिने नोंदलं, 'लय पूर्ण जुळली.' निरीक्षण अगदी अचूक होतं.

आठव्या सकाळी चहा झाल्यावर ती तक्रार घेऊन बसली. अंगठा टेकवण्याआधी एकदा वाचावी म्हणून तिने वाचली, आणि हे कुणी लिहिलं असा तिला क्षणभर प्रश्न पडला. भाषा फारच चढलेली होती. अशा भाषेला निरीक्षक काय किंमत देणार? आधी तिने 'ताबडतोब' खोडलं. 'अकरा हजार जीव' असं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात रहिवासी दहा हजार नऊशे त्रेचाळीस होते. तो आकडा तिने दुरुस्त केला. दुरुस्त केल्यावर ते वाक्य भिंतीवरच्या पाटीसारखं वाटायला लागलं, म्हणून काढलं. 'मनोरा कोसळेल' हे तर शास्त्रशुद्धच नव्हतं. 'कोसळू शकतो' असं हवं. पण तेही वाऱ्यावर अवलंबून, आणि वारा अजून आलेला नाही, म्हणजे विधान सिद्ध झालेलं नाही. तेही गेलं. उरलं एवढंच, की तीन दांड्यांना भेगा आहेत. ते तपासणीच्या वहीत आधीच होतं, आणि चांगल्या अक्षरात होतं. तेच पुन्हा कशाला लिहायचं?

"काय चाललंय?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही. कागद होता एक."

फोन वाजला. "टेकवलास अंगठा?" शहनाज धापा टाकत बोलत होती. "वादळ आज दुपारीच येतंय. लवकर वळलंय."

"वाचलं मी. तक्रारीत काही राहिलं नाही गं."

"मी वर येते. तुम्हा दोघांना ओढून आणते."

"ये ना. पण वाऱ्यामुळे लिफ्ट बंद केल्यात आत्ताच."

"मग जिन्याने उतरा. आत्ता, याच मिनिटाला. करुणा, तुझ्या बाबांना पाठीवर घे, काहीही कर."

करुणाने विचार केला. शहनाज म्हणते ते बरोबर होतं, त्यात शंका नव्हती. दोनशे एकोणीस मजले, पाठीवर माणूस असेल तर पाच तास. वादळ तीन तासांत पोहोचेल. तरी निघायला हवं, हेही तिला कळत होतं. "जेवून बघते," ती म्हणाली.

शहनाजचं रडणं फोनमधून ऐकू येत होतं. कुठल्या तरी जुन्या ओळखीच्या गोष्टीसारखं ते करुणाला वाटलं, आणि तिने ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

दुपारी वारा आला. मनोऱ्याचा झोका रुंद होत गेला, पण ठेका दहा सेकंदांचाच राहिला, कारण तो बांधणारीने चोख बांधला होता. आणि झोका जितका रुंद, तितकी लय घट्ट. पप्पांनी पानं घेतली. वरून कुठून तरी टण्णकन मोठा आवाज झाला, मग लगेच दुसरा.

करुणाने पप्पांच्या ताटात भात वाढला. जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं तिला बरं वाटत होतं.