उपाशी प्लेट

"दार लावता का? त्यांना थंडी वाजतेय."

इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींना उबेत ठेवायच्या कपाटात, मी जवळजवळ डोकंच घातलं होतं. बोलणारा शेजारच्या प्रयोगशाळेतला नवा संशोधक होता. सगळे त्याला थंडोबा म्हणत. आग लागली तरी हा आधी चष्मा पुसेल, अशी त्याची ख्याती होती.

"एवढं काय पाळलंय?"

"मारेकरी," मी तोऱ्यात म्हणाले. "नॅचरल किलर पेशी. शरीरात बिघडलेली पेशी दिसली की ओळखपाळख न विचारता खलास करतात."

"माझ्याकडेही त्याच आहेत. मी त्यांना शांत करतो."

पेशी एकमेकींना जे निरोप धाडतात, ते म्हणजे सायटोकाइन. माझं इंटरल्युकिन-१५ या मारेकऱ्यांना जगवतं, लढायला उठवतं. त्याचं सायटोकाइन त्यांना आवरतं.

"म्हणजे तुम्ही चिथावणार, मी समजूत काढणार," तो म्हणाला. "जमेल आपलं."

मी दार जरा जोरातच लावलं.

कपाट दोन्ही प्रयोगशाळांत मिळून एकच, त्यामुळे भेटी होतच राहिल्या. महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं. तो चष्मा पुसायला लागला की माझं मोजणं चुकायचं... पुन्हा पहिल्यापासून.

मग ताईला बाळ झालं आणि मी तीन दिवस घरी गेले. जाताना त्या कपाटात पेशींच्या दोन प्लेट ठेवल्या. एकीत इंटरल्युकिन-१५ भरपूर, दुसरीत थेंबही नाही. दुसरीतल्या पेशी मरायला हव्या होत्या. तसं शुक्रवारी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना दाखवता आलं तरच माझा विषय पुढे चालणार होता. कशात काय घातलंय ते मी वहीत लिहिते, प्लेटवर फक्त १ आणि २.

शुक्रवारी सकाळी पाहते तर दुसऱ्या प्लेटमधल्या पेशी गुटगुटीत! मी आईला फोन लावला. "आई, उपाशी ठेवलेल्या पेशी जगल्या! पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार."

"बदल. आधी खाऊन घे," आई म्हणाली.

फोन ठेवते तोच तो आला. चष्मा पुसत. "तुला एक सांगायचं होतं..."

मी केस सारखे केले. "सांग ना."

"तुझ्या दोन नंबरच्या प्लेटला मी खायला घातलं. रोज. माझ्या पेशी जगवायला आणलेलं इंटरल्युकिन-१५."

"काय?"

"पेशी मरत चालल्या होत्या. मला वाटलं, घाईत विसरलीस... मला बघवेना."

माझा शोध पाच मिनिटांत निकालात निघाला. इतका राग आला की धड भांडताही येईना. "गप्प बसला असतास तर आज माझं नाव झालं असतं."

"आणि सहा महिन्यांनी तू तोंडघशी पडली असतीस. त्यापेक्षा आत्ता माझ्याशी बोलणं सोड."

अकरा वाजता आम्ही दोघं मॅडमसमोर उभे होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला विचारलं, "दुसऱ्याच्या पेशींना हात का लावला?"

थंडोबाचे कान लालबुंद झाले. "मॅडम... त्या हिच्या होत्या."

मॅडमनी बराच वेळ कागद चाळले. "आठवडा देते," त्या मला म्हणाल्या. "पुन्हा कर. आणि याला लांब ठेव."

तो काही लांब राहिला नाही. तीन दिवस रोज माझ्या शेजारी बसून मायक्रोस्कोपमधून दोन नंबरची प्लेट पाहायचा, सुस्कारा टाकायचा आणि हात खिशात घालायचा. मी त्याच्याकडेच बघत असायचे.

चौथ्या सकाळी मी मान वर केली. "गेल्या सगळ्या." माझा विषय वाचला होता.

"अभिनंदन," तो म्हणाला. चेहरा मात्र सुतकी.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले.

"हे... आत्ता? त्या मेल्यावर?"

"आत्ताच. या वेळी बघवलं का तुला?"

"नाही," तो म्हणाला. "पण हात नाही लावला."

"माहितीये," मी म्हणाले आणि त्याच्या खिशातून त्याचा हात बाहेर काढला.