पिंजऱ्यातून दिसणारी खुर्ची

शिक्षा सुनावण्याआधी आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहायचं, ही जज्जसाहेबांची जुनी खोड. जेवणाच्या सुट्टीत कोर्ट रिकामं झालं की ते जरा वेळ तिथे थांबत. "तिथे उभं राहून पाहिलं की शिक्षेचं माप चुकत नाही," असं रुबाबात सांगत. ऐकणारे माना डोलावत. जज्जासमोर दुसरं काय करणार!

आजचा निकाल तर त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. गोदामातल्या चोरीत दोन हमाल सापडले होते. पहिला ढसाढसा रडला; साहेबांनी त्याला गेल्या महिन्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. दुसऱ्याचा गुन्हा तोच, कबुलीही तीच. पण हा ठोंब्यासारखा उभा, डोळ्यांत टिपूस नाही. याला तीन वर्षं, साहेबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कायद्याने तेवढी मुभा त्यांना दिलीच होती.

पिंजऱ्यात शिरून त्यांनी कठड्यावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, आत्ताच कुणी हात उचलल्यासारखं. ऊन नको म्हणून पडदे ओढलेले, पंखा बंद, जुन्या घामाचा वास. समोर उंचावर त्यांची खुर्ची होती. आणि खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

"आरोपीच्या चेहऱ्यावर..." वरून शांत, खणखणीत आवाज आला. साहेबांचाच. "पश्चात्तापाचा लवलेशही दिसत नाही..."

थांबा, मला रडता येत नाहीये, म्हणून काय... साहेबांना ओरडायचं होतं. घशातून शब्द फुटेना, चेहरा हलेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची पाचावर धारण बसली.

"...तीन वर्षं."

शिपायाने येऊन पडदे सारले, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

दुपारी साहेबांनी या हमालालाही त्याच हमीवर सोडलं. एकाच गुन्ह्याला दोन मापं नकोत, हे त्यांनी ठासून सांगितलं. हमालाचा चेहरा तेव्हाही तसाच कोरा होता; फक्त कठडा सोडताना त्याची बोटं थरथरत होती. साहेबांना ती दिसली, आणि फार बरं वाटलं.

संध्याकाळी स्टेनोबाई कागद घेऊन आल्या. शेजारच्या खोलीत बसून त्या साहेबांचं बोलणं उतरवून घेत.

"साहेब, सुट्टीत सांगितलेली तीन वर्षांची शिक्षा टाईप करून ठेवलीय. आरोपीचं नाव तेवढं राहिलंय."

"तुम्ही... ऐकलंत?"

"दार उघडंच होतं. तुमचाच आवाज होता." बाई घुटमळल्या. "एक विचारू? तुम्ही म्हणालात, पश्चात्ताप दिसत नाही... पण पिंजऱ्यातला माणूस तर सारखा हुंदके देत होता, साहेब."