रावसाहेबांची खुर्ची

सिंगापूरला पाया लेबार भागातल्या मॉलमध्ये फर्निचरचं प्रदर्शन लागलं होतं. ऑफिस सुटल्यावर मधुवंती तिथूनच निघाली होती. पाय इतके दुखत होते, की समोर दिसलेल्या देखण्या खुर्चीत ती सरळ बसली. मग पाटी दिसली... हात लावू नये.

"अगं बाई!" ती पुटपुटली.

"बसा हो," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं. "बसण्यासाठीच केलीय मी."

उंच, सावळा, बोटांवर पॉलिशचे डाग. धम्मदीप नाव. नागपूरहून आर्किटेक्ट म्हणून आला, सात वर्षं ऑफिसांचे टॉवर आखले, आणि आता यिशुनमधल्या छोट्या वर्कशॉपमध्ये खुर्च्या घडवत होता.

"कशी वाटली?"

"खरं सांगू? सुंदर आहे. पण माझ्या बाबांना हिच्यातून उठता येणार नाही."

दुसऱ्या कुणी हसून विषय बदलला असता. धम्मदीपने वही काढली. "ते कसे उठतात... मला बघता येईल?"

त्या रविवारी तो तोआ पायोहच्या फ्लॅटवर आला. मधुवंतीचे वडील रावसाहेब कंपवाताने थकले होते. बायको गेल्यापासून लेकीच्या हाताशिवाय त्यांचं उठणं होत नव्हतं. धम्मदीपने त्यांचे गुडघे, कोपरं, पाठ सगळं मोजलं आणि मग तासभर नुसता गप्पा मारत बसला.

दर रविवारी नवी खुर्ची यायची आणि नापास होऊन परत जायची.

"चौथीसुद्धा गेली," एकदा मधुवंती हसली. "कंटाळा नाही येत?"

"खुर्ची जमली, तर रविवारी यायला कारण काय सांगू?" तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून चहाच्या कपात बघत राहिला.

सहावी खुर्ची जमली. माणूस पुढे वाकला की बैठकही त्याच्याबरोबर अलगद पुढे झुकायची. ना मोटर, ना बटण. रावसाहेब एकटे उठले. थरथरत उभे राहिले. मधुवंतीने डोळे पुसले, तेव्हा धम्मदीप खिडकीकडे तोंड करून उभा होता.

धम्मदीपने ती खुर्ची फर्निचरच्या एका मोठ्या स्पर्धेला पाठवली आणि ती शेवटच्या फेरीत पोचली. मधुवंती बघायला गेली आणि दारातच थबकली. भिंतीएवढ्या पडद्यावर तिचे बाबा थरथरत उठत होते... अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती.

"माझ्या बाबांचं प्रदर्शन मांडलंस?" तिचा आवाज फुटला. त्याचं उत्तर न ऐकताच ती निघून गेली.

तीन रविवार तो आला नाही. शेवटी रावसाहेबच म्हणाले, "चित्रण करण्याआधी त्याने मला विचारलं होतं, मधू. मीच हो म्हणालो. तुला सांगू नकोस, असंही मीच म्हटलं."

"पण का, बाबा?"

"तू नाही म्हणाली असतीस. अगं, मी उठतो याची तुला लाज वाटते? मला तर अभिमान वाटतो."

ती तशीच यिशुनला गेली. धम्मदीप लाकडाला रंधा मारत होता. तिला बघून हात थांबले.

"निकाल काय लागला?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी नाव मागे घेतलं."

"का? बाबांनी तर..."

"काकांना विचारलं होतं. तुला नाही. रोज सकाळी त्यांना उठवणारे हात तुझे आहेत, हे विसरलो मी." त्याने रंधा खाली ठेवला. "बक्षिसाचं दुःख नाही, मधुवंती. तुझं तोंड फिरवणं... ते नाही सोसलं."

एवढ्या दिवसांची मेहनत त्याने एका शब्दावर सोडली होती, आणि तो शब्द तिचा होता. तिने त्याचा भुशाने माखलेला हात हातात घेतला.

"पुढच्या वर्षी पुन्हा पाठव," ती हळूच म्हणाली. "बाबांना घेऊन मी येईन. पहिल्या रांगेत बसू."

"आणि मग?"

"मग काय... घरी जाऊ. तिघंही."