कुसाबाईचं हसू

लग्नाच्या दोन तारखांच्या मध्ये एखादा दिवस मोकळा सापडला की अफिफा वडिलांची जुनी मोटरसायकल काढायची आणि शहराबाहेर पडायची. नाशिकच्या चौक मंडईतल्या त्यांच्या घरात याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. लग्नांचे फोटो काढून दमलेली मुलगी सुट्टीच्या दिवशी पुन्हा कॅमेरा गळ्यात अडकवून उन्हातान्हात का हिंडते, हे तिच्या अम्मीला कधीच समजलं नाही. अफिफा मात्र या मोकळ्या दिवसांच्या आशेवरच बाकीचे दिवस ढकलायची. ती पाणवठ्यांचे फोटो काढत होती. झरे, विहिरी, डोह, आणि तिथे येणाऱ्या बायका. ते कुणी मागितले नव्हते, कुणाला द्यायचेही नव्हते. हे काम तिचं स्वतःचं होतं.

त्या मे महिन्यात ती वणीवरून पुढे सुरगाण्याच्या डोंगरात शिरली. करवंदपाड्याच्या वर एक झरा आहे आणि तो उन्हाळ्यातही आटत नाही, असं तिला एका जीपवाल्याने सांगितलं होतं. ती पोहोचली तेव्हा ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. झरा होता, पण त्याच्याभोवती तारेचं कुंपण होतं. कुंपणाला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. खडकातून निघणारं सगळं पाणी एका जाड निळ्या पाइपातून वरच्या अंगाला गेलं होतं, आणि वर काचेची एक नवीकोरी इमारत उन्हात चमकत होती. रिसॉर्ट. कुंपणाच्या अलीकडची जमीन भेगाळून गेली होती.

अफिफाला संताप आला. राग आला की ती बोलायची नाही, फोटो काढायची. तिने कुलूप टिपलं, पाइप टिपला. रानकिड्यांची किरकिर कानठळ्या बसवत होती. ती किरकिर एकाएकी थांबली.

मग वास आला. खोल विहिरीत वाकून पाहिल्यावर येतो तसा गार, शेवाळलेला वास. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटून ती वळली.

पाऊलवाटेवर एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कमरेवर हंडा. केस, चोळी, लुगडं, सगळं ओलंचिंब होऊन अंगाला चिकटलेलं. आंघोळ करून आली असेल, असं अफिफाच्या मनात आलं. पण या उजाड माळावर आंघोळीला पाणी कुठलं?

"कुलपाचा काय फोटो काढती, पोरी? माझा काढ."

"काढते ना, मावशी. हंडा डोक्यावर घ्या आणि अशा चालत जा..."

"चालत नाय. पाठमोरी बी नाय. हितं, तोंडासमोर."

बाई पुढे येऊन कुंपणाला पाठ करून उभी राहिली. अफिफाने कॅमेरा डोळ्याला लावला. बाईने थेट भिंगात पाहिलं. इतक्या वर्षांत अफिफाने हजारो चेहरे टिपले होते, पण कुणी असं पाहिलं नव्हतं. त्या नजरेत ना लाज होती, ना विनवणी. होता तो नुसता राग, आतपर्यंत पोहोचणारा. बटणावर बोट क्षणभर अडलं, मग दाबलं गेलं.

"नाव काय तुमचं?"

"कुसाबाई." बाईने हंडा सावरला. "मोठा कर फोटो. लय मोठा. समद्यांना दिसंल असा."

फोटो नीट आला का ते बघायला अफिफाने मान खाली घातली. मान वर केली तेव्हा समोर कुणी नव्हतं, वाटही रिकामी होती. दोन्ही बाजूंना उघडा उतार, आडोशाला एक झुडूपही नाही. बाई उभी होती तिथली माती कोरडी ठणठणीत होती. ऊनच एवढं आहे, पाणी टिकेल कसं, अशी अफिफाने स्वतःची समजूत घातली आणि गाडीला किक मारली. पण वणी येईपर्यंत तिच्या नाकातून तो वास गेला नाही.

तो फोटो तिने इतर फोटोंसोबत इंटरनेटवर टाकला. पावसाळा आला, गेला. दिवाळीच्या आधी ती एका साखरपुड्याहून परतत असताना दिंडोरी नाक्यावर तिने करकचून ब्रेक दाबला. समोरच्या भल्यामोठ्या होर्डिंगवर कुसाबाई उभी होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'डोंगरातला झरा, आता थेट तुमच्या खोलीत!'

फोटो कापला होता. कुंपण, पाइप, काचेची इमारत, काही राहिलं नव्हतं. आणि कुसाबाई हसत होती. दात दाखवून, पाहुण्यांना या म्हणावं तशी. ते हसू कुणीतरी तिच्या तोंडावर आणून चिकटवलं होतं.

अफिफाने तिथूनच होर्डिंगवरच्या नंबरला फोन लावला. झऱ्यावरच्या त्याच रिसॉर्टचा मॅनेजर बोलला. रविराज नाव होतं त्याचं.

"मॅडम, फोटो इंटरनेटवर होता, आमच्या एजन्सीनं घेतला. तुमचं नाव टाकू ना खाली, त्यात काय एवढं."

"नाव नकोय मला. ते हसू कुठून आणलंत?"

"आता रागावलेली बाई जाहिरातीत कशी चालेल, तुम्हीच सांगा!" तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

अफिफाने घरी येऊन मूळ फोटो आणि होर्डिंग शेजारी शेजारी ठेवून लिहिलं, 'हा फोटो माझा आहे. तो चोरला आहे आणि त्यातल्या बाईचा चेहरा खोटा केला आहे.' बऱ्याच जणांनी सहानुभूती दाखवली. सकाळी एक वेगळाच निरोप आला होता. 'फोटो तुमचा असेल. बाई माझी आई आहे.'

पाठवणाऱ्याचं नाव गोरख. तो अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. सकाळची पाळी संपल्यावर कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो तिला भेटला. तिशीच्या आतला, ताठ, डोळे लाल झालेले. बसला नाही.

"हा फोटो कुणाकडून घेतला तुम्ही?"

"कुणाकडून म्हणजे? मीच काढला. यंदा मे महिन्यात, झऱ्यापाशी."

"थट्टा करता का, मॅडम? माझी आई गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली."

 अफिफाने कॅमेऱ्यातला मूळ, न कापलेला फोटो उघडून त्याच्यापुढे धरला. गोरखने तो मोठा करून पाहिला. आईचा चेहरा, ओलं लुगडं. मग त्याचं बोट तिच्या खांद्यामागे दिसणाऱ्या काचेच्या इमारतीवर येऊन थांबलं.

"हे बांधकाम... हे तर गेल्या हिवाळ्यात झालं," तो हळूच म्हणाला आणि मग बाकावर बसला.

त्याने सांगितलं ते असं. आधी रिसॉर्टवाल्यांनी जमीन घेतली आणि झऱ्याला कुंपण घातलं. पाड्यातल्या बायका घळीतल्या जुन्या विहिरीवर जायला लागल्या. तिला पायऱ्या नाहीत, खडकावरून उतरावं लागतं. कुसाबाई एके दिवशी उतरली ती वर आलीच नाही.

"कागदावर लिहिलं काय, तर पाय घसरून. पाय काय घरात बसून घसरला? कुणी पाठवलं तिला तिथं?" त्याच्या आवाजाने टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "आधार कार्डावरचा एक काळा ठिपका सोडला तर आमच्या घरात तिचा फोटो नाही, ताई. आणि ज्यांनी मारली ते तिला रस्त्यावर टांगून हसवतायत."

कोणत्याही भीतीपेक्षा तो संताप मोठा होता. अफिफा उठली. "चला," ती म्हणाली. "आत्ताच."

दिंडोरी नाक्यावर तिने गाडीचा वेग कमी केला. होर्डिंग तिथेच होतं, खालची अक्षरंही तीच. पण कुसाबाईच्या तोंडावर हसू नव्हतं. ओठ मिटलेले आणि नजर थेट रस्त्यावर. मागे बसलेल्या गोरखनेही ते पाहिलं. 

रिसॉर्टला पोहोचेपर्यंत दिवस मावळायला आला. फाटकावर पाड्यातलाच गोटीराम वॉचमन होता. गोरखला पाहताच त्याने मान खाली घातली आणि काही न विचारता फाटक उघडलं.

आत काउंटरमागच्या अख्ख्या भिंतीवर कुसाबाई होती. इथेही तिचे ओठ मिटलेले.

"बरं झालं आलात," रविराज वैतागून म्हणाला. "तुमच्या फाइलमध्येच काहीतरी खोट आहे. परत परत प्रिंट काढतोय आम्ही. लावताना हसरी असते, दुसऱ्या दिवशी बघावं तर हे असं. हसू टिकतच नाही."

"हिला ओळखता?" गोरखने विचारलं.

"असेल कुणी मॉडेल."

"माझी आई आहे. तुमच्या कुंपणापायी मेली."

"हे बघा, तो विषय पोलिसांनी तेव्हाच मिटवलाय. तिचा पाय घसरला होता."

"म्हणजे ओळखता," अफिफा म्हणाली.

 अफिफाचा आवाज चढला. "तिचं पाणी घेतलंत. तिचा जीव घेतलात. आता तिचंच तोंड दारात लावून पाहुणे बोलावता? वर तिनं हसायलाही पाहिजे?"

ठण्ण.

आतल्या रिकाम्या व्हरांड्यातून आवाज आला. फरशीवर हंडा टेकवावा तसा. मग दुसरा. मग तिसरा.

"कोण आहे तिकडे?" रविराजने विचारलं. "गोटीराम?"

 दिवे लख्ख चालू होते, तरी व्हरांड्याचं तोंड काळं दिसत होतं. शेवाळाचा गार वास आत पसरला. भिंतीवरच्या फोटोच्या खालच्या कडेतून एक थेंब सुटला आणि काउंटरवर पडला. मग एक धारच लागली.

"एसीचं... एसीचं पाणी असेल..."

त्या भिंतीवर एसी नव्हता.

आता हंडे घासत पुढे येत होते. नळावर नंबर पुढे सरकला की बायका पायाने हंडा सरकवतात, तसे. थोडं थांबून, पुन्हा पुढे. घाई नव्हती कुणाला. गोरखच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई..." एवढंच तो म्हणाला.

"काय पाहिजे तुम्हाला?" रविराज कसाबसा म्हणाला. "सांगा ना... काय पाहिजे..."

"झऱ्याच्या फाटकाची किल्ली," अफिफा म्हणाली.

"मालकांना विचारल्याशिवाय मी..."

अगदी त्याच्या पाठीशी, काउंटरच्या आतल्या बाजूला, काहीतरी फरशीवर घासलं. त्याने मागे पाहिलं नाही. ड्रॉवर उघडला आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे फेकला.

"घ्या... घेऊन जा म्हणतो ना..."

त्या संध्याकाळी गोटीरामने बॅटरी धरली आणि गोरखने कुलूप काढलं. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या बायकांनी झऱ्यावर पाणी भरलं. दोन दिवसांनी अफिफा न कापलेल्या फोटोची चौकट घेऊन पाड्यावर गेली. गोरखने ती घरात लावली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "अशीच बघायची ती."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण रिसॉर्टचे मालक पुण्याहून आले. त्यांनी रविराजला काढून टाकलं, झऱ्याला नवं कुलूप घातलं, तारेचा आणखी एक वेढा दिला. दिंडोरी नाक्याच्या होर्डिंगवर पोहण्याच्या तलावात डुंबणारं एक जोडपं झळकलं. अफिफाने अर्ज केले, वर्तमानपत्रांना फोटो पाठवले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि कुणीही काहीही केलं नाही.

मग एके सकाळी तिचा फोन वाजला.

"बाई, गोटीराम बोलतोय. रिसॉर्टवरचा."

"बोला, काका."

"मालकानं त्या दिवसाचं कॅमेऱ्यातलं शूटिंग बघायला बसवलंय मला. तुमच्यावर तक्रार करायची म्हनतो." त्याने आवाज आणखी खाली आणला. "बाई... त्या दिवशी तुमच्या मागं किती जनी होत्या?"

"कुणीच नाही. मी आणि गोरख, दोघंच होतो."

"नाय... लाइन हाय इथं. हंडे घेऊन, एकीमागं एक. मी फाटक धरून उभा दिसतोय, माझ्या अंगाला घासून आत जातायत त्या. मला तर तवा कोनी दिसलं नाय... म्होरं कुसाबाई हाय. मधल्या कोन हायत ते वळखू येत नाय. लय जुनी लुगडी हायत..."

"आणि बाहेर जाताना?"

"भायेर एकबी जात नाय."

 अफिफाने फोन कानाशी घट्ट धरला.

"शेवटची जी हाय ना, बाई... ती थांबून वर बघतीय. कॅमेऱ्यात. ती माझी बायको हाय."

"त्या... त्या बऱ्या आहेत ना, काका?"

"हाय की. जित्ती हाय. सकाळी भाकर बांधून दिली तिनं मला."

"आत्ता घरीच आहेत ना?"

 गोटीरामचा आवाज ओळखू येईनासा झाला.

"नाय... झऱ्याला कुलूप हाय ना... हंडा घेऊन खाली घळीत गेलीय, विहिरीवर."